लायक उमेदवार

ड्वाइटच्या पत्राला मी तीन आठवडे उत्तरच दिलं नव्हतं. तो आमच्या मोंटानातल्या शाळेच्या मंडळावर आहे. गणिताच्या मारिविक बाईंचा व्हिसा संपत आला होता आणि ग्रीन कार्डासाठी कायद्याप्रमाणे शाळेला त्यांच्याच जागेची जाहिरात द्यावी लागली होती. एका जरी लायक अमेरिकन माणसाने अर्ज केला, तरी बाईंना फिलिपिन्सला परत जावं लागणार होतं. "मास्तर, तीस वर्षं तिथे तुम्हीच गणित शिकवलंत. नुसता अर्ज टाका, बाकी मी बघतो," असं त्याने लिहिलं होतं.

तोंडावर नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. पत्र मी पुस्तकात खूण म्हणून घातलं.

काल तो पोस्टात भेटला आणि सगळ्यांदेखत हसला. "काय मास्तर, शाई संपली का? उद्या शेवटची तारीख आहे!"

मी पाकीट घेतलं नाही. पोस्टमनलाही वाचता येईल असं उघडं कार्ड घेतलं, तिथेच लिहिलं आणि त्याच्यासमोर पेटीत टाकलं.

"ड्वाइट, तुझा मुलगा टॅनर माझ्याकडे दोनदा नापास झाला आणि मारिविक बाईंकडे पहिल्याच वर्षी पास. या जागेला मी लायक नाही."