कंप्युटरचं काम

“म्हणजे तुम्ही दिवसभर तसलंच बघता?”

होणाऱ्या सासऱ्यांचा घास हातातच राहिला. मघापर्यंत ते तिला ‘अगं’ म्हणत होते. आता एकदम ‘तुम्ही’वर आले होते.

शेजारी बसलेल्या होणाऱ्या नवऱ्याने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. येतानाच त्याने बजावलं होतं, “विचारलं तर कंप्युटरचं काम आहे म्हण. विषय संपला.” पण खोटं बोलायला गेली की तिला उचकी लागायची.

“हो काका. लहान मुलांवर अत्याचार करताना काढलेले फोटो, व्हिडिओ. लोक तक्रार करतात, आम्ही तपासतो. मूल साधारण किती वर्षांचं, प्रकार किती गंभीर, तशी वर्गवारी करायची आणि पोलिसांकडे द्यायचं. नेटची गटारं उपसायची म्हणा ना. फक्त गमबूट मिळत नाहीत.”

कुणी हसलं नाही. ऑफिसात हमखास हसले असते. त्या बंद खोलीत असले विनोद केले नाहीत तर माणूस दुपारपर्यंत टिकत नाही. समुपदेशक बाई काळजीने विचारायच्या, झोप लागते का? आणि सगळे एका सुरात सांगायचे, “हो, मीटिंगमध्ये!”

“दुसरी नोकरी नाही मिळाली?” काकांनी ताट सरकवलं. “जेवताना बोलायच्या गोष्टी आहेत का या?”

काका दातांचे डॉक्टर. नुकतंच त्यांनी एका पेशंटच्या किडक्या दाढेतल्या पुवाचं साग्रसंगीत वर्णन केलं होतं आणि सगळे मजेत जेवत होते. हे अगदी तिच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या होणाऱ्या सासूबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“तपासून झालं की पुढे काय करता त्याचं?”

“नेटवरून काढून टाकायला लावतो, काकू. शिवाय प्रत्येक फोटोची एक खूण बनवतो, बोटाच्या ठशासारखी. तोच फोटो कुणी पुन्हा टाकायला गेलं की मशीन ओळखतं आणि अडवतं.”

काकू उठल्या. अर्धं जेवण तसंच टाकून आत गेल्या.

“झालं समाधान?” होणारा नवरा पुटपुटला. “आई भरल्या ताटावरून कधी उठत नाही.”

बोंबललं लग्न, ती मनाशी म्हणाली. निदान माफी मागून तरी निघावं. आपलं ताट उचलून ती स्वयंपाकघरात गेली. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं, तरी नळ धो धो वाहत होता. काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“काकू, चुकलं माझं. जेवताना सांगायला नको होतं.”

“दार लाव.”

तिने दार लावलं. काकूंनी नळ बंद केला नाही. वळल्याही नाहीत.

“फोटो फार जुना असला, कागदावरचा, आणि मागाहून कुणी नेटवर टाकला असेल... तर तोही अडवता येतो?”

“येतो की. किती जुना?” ऑफिसच्या सवयीने तिने विचारून टाकलं.

“मला तेव्हा दोन वेण्या होत्या.”