छोटीची उंची

माशांच्या टँकचं स्टँड किती उंच करायचं, हे मी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून ठरवतो. "जास्त कोण बघणार?" असं विचारल्यावर बाईंनी दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची रेघ दाखवली. "आमची छोटी. ही तिची उंची." त्या मापाने स्टँड केलं, खारं पाणी भरलं, दगडांवर एकेक कोरल बसवलं.

वर्षाने साहेबांचा फोन आला. स्टँड दोन इंच वर घ्यायचं होतं. मी म्हटलं, "अहो, सगळा टँक उपसावा लागेल, कोरल मान टाकतील. पण पोरं काय, वाढणारच म्हणा."

कामाला गेलो तेव्हा साहेबांनी मला जिन्यातच थांबवलं. "दादा, टँक करायच्या आधीच छोटी गेली. हिला ते पटतच नाही. अजून चौकटीवर रेघा मारते. मी बघून न बघितल्यासारखं करतो. तुम्हीही काही बोलू नका."

चौकटीवर जुन्या रेघेच्या दोन इंच वर खरंच नवी रेघ होती.

साहेब बादल्या आणायला गेले, तशा बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "छोटीचं ह्यांनी सांगितलं असेलच. चौकटीवर रेघा मारतात हे अजून. मी कधी पुसत नाही, विचारतही नाही. तुम्हीही नका विचारू."

मी दोघांनाही काही विचारलं नाही. नव्या रेघेला टेप लावला आणि स्टँड बरोबर दोन इंच वर घेतलं.