दुपारची गोळी

स्टेटसवर चौथा फोटो आला, तेव्हा मंजुषा कोपरखैरण्याच्या घरात एकटीच जेवत होती. फोटोत तिच्या सासूबाई, बाळाबाई, दुबईच्या एका हॉटेलात बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर जागच्या जागी, पण हातात काटा-चमचा. शेजारी धाकटी जाऊ तेजश्री, गालाला गाल लावून. खाली लिहिलं होतं, 'माझ्या क्वीनसोबत लंच.'

आधीचे तीन फोटो मॉलमधले. बाळाबाई मनगटावर अत्तर लावून घेताना, सरकत्या जिन्यावर, काळा चष्मा घालून. अत्तराचं आणि चष्म्याचं मंजुषाला काही नव्हतं. तेजश्रीकडे पैसा आहे, तिनं उडवावा. तो काटा-चमचा मात्र तिला सलत होता.

'मला हाटेलचं चालत न्हाई.' एकोणीस वर्षं हा या घराचा कायदा होता. सासूबाई घरी भाकरी खाणार आणि आपण वाशीला जाऊन पनीर खाणार, हे मंजुषाला कधी जमलं नाही. लग्नाच्या वाढदिवसालाही तिनं घरीच पुऱ्या लाटल्या. बरं, त्याचं कौतुक? बीपीमुळे मीठ बेताचं टाकायचं आणि रोज ऐकायचं, 'अळणी झालंय गं.' तेजश्री मात्र चार दिवसांत क्वीन घेऊन मोकळी. करावं एकीनं, मिरवावं दुसरीनं. मंजुषा जळत होती आणि आपण जळतोय हे तिला कळतही होतं.

अडीच वाजले, म्हणजे तिथला एक. बाळाबाईंच्या गोळीची वेळ. घरी मंजुषा गोळी हातावर ठेवायची आणि मग 'आ करा बघू' म्हणून तोंडही तपासायची, कारण बाळाबाईंनी एकदा आठवडाभराच्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरल्या होत्या. तेजश्रीबरोबर त्या दुबईला निघताना ठरलं होतं, गोळ्या तेजश्रीच्या पर्समध्ये आणि आठवण मंजुषाकडे. रोज या वेळी ती न चुकता मेसेज टाकत होती.

आज तिनं 'आईंची गोळी' एवढं टाइप केलं आणि पुसून टाकलं. क्वीन तुझी, तर गोळीही तूच सांभाळ. तिनं ताट घासलं, ओटा पुसला. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. तीन वाजता तिला गेल्या वर्षी चक्कर येऊन भिंतीला धरून बसलेल्या बाळाबाई आठवल्या. स्वतःलाच एक शिवी हासडून तिनं मेसेज पाठवला.

लगेच फोन वाजला. तेजश्रीच होती, आवाज पार उतरलेला.

"ताई, कुठे होता तुम्ही? अर्धा तास झाला, आई गोळी मुठीत धरून बसल्यात. मी दोनदा सांगितलं, यांनी सांगितलं. ऐकतच नाहीत."

मागून बाळाबाईंचा आवाज आला, "मंजीचा निरोप आला का? मग दे पानी."

"माझं नाही हो ऐकत त्या," तेजश्री म्हणाली.

मंजुषानं तिची समजूत घातली. आवाजात शक्य तितकी माया आणून. मग म्हणाली, "एक काम कर. आ करायला सांग आणि फोटो काढून पाठव. गिळली का ते बघते."

फोटो आला. हॉटेलच्या झुंबराखाली बाळाबाईंनी लहान मुलासारखा मोठा आ केला होता. मंजुषानं तो दोनदा मोठा करून पाहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःचं स्टेटस ठेवलं, तोच फोटो लावून.