शकुनाचा पापड

१९८६ साली उत्तमशेठनी धुळ्याच्या देवपुरात पहिलं अपार्टमेंट बांधलं, आणि वर्षभर त्यातला एकही फ्लॅट खपला नाही. एक दिवस साक्रीच्या इंदिराबाई फ्लॅट बघायला आल्या. बाल्कनी झाली, शॉवर झाला, मग म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठं झकास शे, पन पापड कोठे वाळत टाकाना?"

शेठनी गच्ची दाखवली. इंदिराबाईंनी फ्लॅट घेतला, गच्चीभर उडदाचे पापड घातले, आणि ते बघून आठवड्याभरात उरलेले पंधरा फ्लॅट बायकांनी आपापल्या नवऱ्यांना घ्यायला लावले.

तेव्हापासून कंपनीचा नियमच झाला. इमारत कुठेही असो, उद्घाटनाच्या दिवशी गच्चीवर पहिला पापड इंदिराबाईंचाच. जळगाव झालं, सुरत झालं, आणि नव्याण्णव साली कंपनी थेट दुबईत पोचली. तीस मजली टॉवर! इंदिराबाई पोळपाट-लाटणं घेऊन विमानात बसल्या.

तिथल्या गच्चीवर कुणीतरी भला मोठा पिवळा गोल रंगवून ठेवला होता. परक्या मुलखात पापडांची एवढी सोय बघून त्यांना भरूनच आलं. त्यांनी गोलभर पापड मांडले आणि काठी घेऊन राखणीला बसल्या.

खाली उत्तमशेठ हार घेऊन ताटकळले होते. अर्धा तास झाला तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही, म्हणून ते धावत गच्चीवर गेले.

 

डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरवर काठी उगारत इंदिराबाई ओरडल्या, "भाऊ, दुबईना कावळा भलता मोठा शे, कितला हाकला तरी जात नही!"