फळी धरणारा

"हा कचरत नाही, डोळे मिटत नाही आणि मुख्य म्हणजे याला बोटंच नाहीत!"

लाईल हॉगनने फळी धरायच्या लोखंडी घोड्यावर थाप मारली. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये पॅनकेक खात बसलेलं अख्खं गाव हसलं. पहिल्या रांगेतली आर्डिस तेवढी हसली नाही.

मोडलेली बोटं तिच्या नवऱ्याची, ऑर्व्हिलची होती. लाईलने गावात कराटेचा वर्ग काढला तेव्हापासून त्याच्यासाठी फळ्या ऑर्व्हिलच धरायचा. आणायचाही तोच. गेल्या मार्चमध्ये लाईलची लाथ फळीवर बसली, तशी ऑर्व्हिलच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवरही बसली. हाडं जुळली, पण बोटं वाकेनात. तेव्हापासून ऑर्व्हिल चर्चमधला ऑर्गन आठ बोटांवर वाजवायचा. दर रविवारी भजन मध्येच ठेचकाळायचं, आणि तिसऱ्या बाकावरचा लाईल मान खाली घालायचा. गावाला वाटायचं, प्रार्थना करतोय.

प्रायश्चित्त म्हणून त्याने उन्हाळाभर त्यांच्या अंगणातलं गवत कापलं. त्यात आर्डिसची फुलझाडंही कापली. मग बर्फ ढकलायच्या जुन्या ट्रकचं पातं कापून हा घोडा बनवला. दोन शिकंजे, फळी त्यात आवळायची, समोरून लाथ घालायची. "यापुढे माणसाचा हात फळीला लागणार नाही," असा त्याने आर्डिसला शब्द दिला होता. आज अग्निशामक दलाच्या मदतीसाठी पॅनकेकचा कार्यक्रम होता आणि गावासमोर तो शब्द खरा करून दाखवायचा होता.

लाईलने आरोळी ठोकली आणि लाथ घातली.

ठप्प.

फळी तशीच. घोडाही तसाच. लाईल तेवढा दोन पावलं मागे गेला.

दुसरी लाथ. ठप्प.

"लाईल, आधी बेल वाजव!" मागून कुणीतरी ओरडलं. "आत कुणी असेल तर उघडतील!"

तिसऱ्या लाथेला मात्र परिणाम झाला. घोडा सरकून टेबलावर आदळला, पाकाची बरणी आडवी झाली आणि लाईल त्या पाकात बसला. पांढऱ्या पोशाखासकट.

"लाकूड ओलं असेल," आर्डिस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नाहीतर मग पाय."

ऑर्व्हिल उठला. लाईलचा पाय तपासायच्या निमित्ताने त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"लाकूड ओलंच आहे," तो हळूच म्हणाला. "मी आणायचो त्या फळ्या आदल्या दिवशी ओव्हनमध्ये भाजायचो."

"भाजायचास?"

"कुरकुरीत होईपर्यंत. आणि शिवाय... मीच मोडायचो. हातानं. तुझा पाय टेकायच्या आत."

"सगळ्या?"

ऑर्व्हिलने जरा आठवून पाहिलं. "पहिल्या वर्षीची एक तुझी असेल."

पाक पोशाखात मुरत होता.

"पहिल्या दिवशी फळी मोडली नाही तेव्हा तुझं तोंड बघवेना रे. मग सवयच लागली."

"आणि बोटं?"

"सरळ धरली तर बोटं फळीच्या मागं राहतात. मोडायची म्हटलं की पुढून आत दाबावी लागतात. त्या दिवशी ती तिथं नकोच होती. चूक माझी होती, लाईल. तू गवत कापायला आलास तेव्हाच सांगणार होतो." ऑर्व्हिलने मान खाली घातली. "पण गवत फार छान कापत होतास."

लाईल पाकातून सुटून उभा राहिला. शिकंजे सैल केले, फळी काढली आणि ऑर्व्हिलच्या हातात दिली.

"धर."

"अरे, आर्डिसला शब्द दिलायस."

"एकदाच. पण मदत करायची नाही. बोटं मागं. नाही मोडली तर वर्ग बंद करीन, पण मला एकदा तरी खरं कळू दे."

"बोटं मागं," ऑर्व्हिल म्हणाला.

"शपथ?"

"ऑर्गनची शपथ."

"ऑर्व्हिल एरिक लिंडक्विस्ट!" आर्डिस खुर्चीवरून उठली. "खाली ठेव ती फळी!"

आयुष्यात पहिल्यांदाच ऑर्व्हिलने तिचं ऐकलं नाही. त्याने फळी छातीसमोर धरली आणि लाईलच्या तोंडाकडे पाहिलं. लाईलच्या कपाळावरून घाम आणि पाक एकत्र वाहत होते. तोंड त्या पहिल्या दिवशीसारखंच झालं होतं.

लाईलने आरोळी ठोकली नाही. डोळे मिटले आणि लाथ घातली.

काडकन आवाज झाला. फळीचे दोन तुकडे खाली पडले.

हॉल उठून उभा राहिला. काटे-चमचे ताटांवर वाजायला लागले. बेलची कोटी करणारा टेबलावर चढला. लाईल लहान पोरासारखा रडला आणि पाकासकट ऑर्व्हिलच्या गळ्यात पडला. ऑर्व्हिलने त्याला मिठी मारली नाही. त्याचे दोन्ही हात जाकिटाच्या खिशात होते आणि चेहरा जरा पांढरा पडला होता.

"ही तुझी," तो म्हणाला. "अगदी तुझी."

"बोटं मागं होती ना?"

"मागंच."

लाईल ते दोन तुकडे छातीशी धरून घरी गेला. मार्चनंतर पहिल्यांदाच त्याला शांत झोप लागली. रविवारी तो चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर ताठ मानेने बसला.

ऑर्गन सहा बोटांवर वाजला.