गेटवरची चिप

इंद्रजितदादा म्हणाला होता, "सरकारी खुर्चीत सडू नकोस. नोएडाला ये, आपण दोघं मिळून कंपनी उभी करू." बाबांनी बोलणं टाकलं, तरी मी गेलो.

आम्ही ऑफिसांच्या गेटवरचे कार्ड-रीडर बनवायचो. कोणाचं कार्ड चालणार हे आतल्या चिपमध्येच भरलेलं असायचं. एक माणूस वाढला किंवा कमी झाला, की मी केबल घेऊन फरीदाबाद नाहीतर गुडगाव गाठायचो. शेवटी वैतागून मी लिनक्ससाठी ड्रायव्हर, चिपशी बोलणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला, म्हणजे गेट चालू असतानाच, कुठूनही, ती चिप नव्याने भरता येईल. वर्ष गेलं त्यात.

पहिला प्रयोग आमच्याच गेटवर करायचं ठरलं. शुक्रवारी दादाला शेजारी बसवून सगळं शिकवलं. "क्या बात है यार!" म्हणत त्याने मला मिठीच मारली.

सोमवारी गेटवर माझ्या कार्डाला लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. गार्ड म्हणाला, "सर, बाकी सबका तो चल रहा है."

तिथूनच दादाला फोन लावला. "दादा, सॉरी, ड्रायव्हरमध्ये बग राहिलाय. लॅपटॉप आहे माझ्याकडे, इथेच पायरीवर बसून काढतो आत्ता."




"बग नाही रे. काल मी घरूनच नवी यादी लोड केली. तुझा ड्रायव्हर पहिल्याच फटक्यात चालला."