सात अंडी

वटार गावच्या उर्सुलाच्या परसात सात कोंबड्या होत्या. आठवड्याभरात त्यातल्या तीन मुंगसाने ओढून नेल्या, तेव्हा तिच्या नवऱ्याने, जेम्सने, रजा काढून खुराड्याला नवी जाळी ठोकली. तरीही चौथी गेली. जाळी शाबूत होती, कडी लावलेली होती, आणि आत एक पीसही सांडलेलं नव्हतं.

अंडी मात्र रोज सातच मिळत होती.

"तीन कोंबड्या सात अंडी कशा घालतील?" उर्सुलाने विचारलं.

"मोजताना चुकत असशील."

दुसऱ्या दिवशी जेम्सने स्वतः मोजली. त्यानंतर त्याने अंडी खाणं सोडलं.

आणखी दोन गेल्या. उरलेली एकुलती एक ठिपक्यांची कोंबडी उर्सुलाने स्वयंपाकघरात टोपलीखाली झाकली आणि रिकाम्या खुराड्याला बाहेरून कडी घातली.

सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आल्या आल्या तिने कडी काढली. गवतावर सात अंडी होती, अजून गरम.

"हात घालू नकोस गं," मागून जेम्स म्हणाला.

"आत आहे कोण? गवत काढते, मग हे खुराडंच मोडून टाकू."

अंडी पदरात घेऊन ती वाकली आणि गवत ओढायला तिने पार मागच्या कोपऱ्यापर्यंत हात घातला. अंधारात काहीतरी मऊ, जड असं बाजूला सरकलं, तिच्या हाताला जागा करून दिल्यासारखं. मग तिच्या तळव्यावर कुणीतरी अलगद आठवं अंडं ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.